सातव्या होलच्या उजवीकडे

एजंट मुलीने पडदा असा सरकवला
जसा दुकानात पदर उलगडून दाखवतात.
हिरवळ होती. खरोखरच होती.
मार्चअखेर, रास अल खैम्यात,
इतकी हिरवी की विशाखाने चष्मा काढून पुसला
आणि पुन्हा घातला.

मी एकोणीस वर्षं समुद्रातलं मीठ काढणाऱ्या कारखान्यात आहे.
मला गवत दिसत नाही, घनमीटर दिसतात.
कडेच्या झाकणाखाली जांभळा पाइप होता,
म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी.
म्हणजे गेल्या आठवड्यात आपण चूळ भरली
ती इथे उगवली आहे, मी म्हणालो.
मुलगी हसली. तिला हसायचा पगार मिळतो.
विशाखा हसली नाही. तिने विचारलं,
कपडे कुठे वाळत घालायचे?
मागच्या अंगणात, भिंतीपेक्षा खाली,
गोल्फवाल्यांना दिसणार नाहीत असे.
आणि कुरडया?
हा शब्द मुलीच्या माहितीपत्रकात नव्हता.
वर्षाचे तीनशे दिवस असं कडकडीत ऊन,
आणि वाळवणाला परवानगी नाही.

दुसऱ्यांदा आम्ही न सांगता गेलो.
शेजारी डॉक्टर इद्रिस, खार्टूमचे, दातांचे,
निवृत्त. त्यांनी आधी खजूर दिले,
मग गॅरेजमधली बादली दाखवली.
चेंडू. काठोकाठ. सात वर्षांचे.
दोन काचा, एक कुंडी, बायकोची चहाची किटली,
ते बोटांवर मोजत गेले.
नवशिक्याचा फटका उजवीकडे वळतो, म्हणाले,
आणि तुम्ही बघताय ते घर उजवीकडे आहे,
दोनशे यार्डांवर,
जिथे नवशिक्याची ताकद संपते.
ते ओरडतात ना, सावध करायला?
ओरडतात. चेंडू आधी येतो.

मग घर विकत का नाही, मी विचारलं.
ते बराच वेळ खजुराच्या बिया गोळा करत बसले.
विकून जाऊ कुठे, असं म्हणाले नाहीत.
म्हणाले, पहाटे तीनला फवारे सुरू होतात,
तेव्हा जाग आली तर बरं वाटतं,
कुणीतरी जागं आहे.

तो कुणीतरी परतताना भेटला.
मुर्शिदाबादचा सिराजुल, गुडघ्यापर्यंत ओला,
हातात कसलीशी सळई,
गवतातली भोकं बुजवत होता.
घेताय का, त्याने हिंदीत विचारलं.
बघतोय, मी म्हणालो.
बघा, बघा, तो म्हणाला,
जुलैत या, तेव्हा खरा रंग दिसतो.

गाडीत मी आकडे मांडले, पाकिटाच्या पाठीवर.
हप्ता. सोसायटीचा खर्च, जो दरवर्षी वाढतो
आणि ज्यात ते गवतही पितं.
घर नव्याण्णव वर्षांचं.
आमचा व्हिसा दोन वर्षांचा.
मुलगा हॅलिफॅक्सला, फोनवर म्हणतो, बाबा, रीसेल बघा.
तो कधी राहणार नाही अशा घराबद्दल
तोच सगळ्यात ठामपणे बोलतो.

विशाखा गप्प होती. सिग्नलला तिने पर्समधून
एक चेंडू काढला.
कुंपणाच्या कडेला मिळाला, म्हणाली.
त्यावर निळ्या पेनने कुणीतरी एक टिंब काढलेलं,
आपला ओळखू यावा म्हणून.

घरी, नाखीलच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये,
तिने तो स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवला.
तो थांबला नाही.
हळू, अगदी शहाण्यासारखा,
ओट्याखालून, फ्रिजला वळसा घालून
बाल्कनीच्या दारापर्यंत गेला.
अकरा वर्षं. फरशी उतरती आहे
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं,
दर पुसण्याला पाणी कोपऱ्यात का साचतं
याचा दोष मी बाईंना देत आलो.

बयाण्याचा चेक टेबलावर आहे,
तारीख घातलेली, सही नाही.
मुलीचे दोन मिस्ड कॉल.
विशाखा बाल्कनीत कपडे काढतेय दोरीवरून,
उन्हाने कडक झालेले,
माझा शर्ट उभा धरला तर उभा राहील असा.
घर घ्यायचं की नाही ते तू ठरव, ती म्हणाली,
पण तो चेंडू परत द्यायला
एकदा जावं लागेल.